मागच्या डाव्या दारावरचा पोचा

त्या फेब्रुवारीत अर्जेंटिनातल्या आमच्या देआन फुनेस गावावर अकरा मिनिटं गारा पडल्या. लिंबाएवढ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेडसमोर गाड्यांची रांग लागली ती पार रेल्वे फाटकापर्यंत.

मी गाडीच्या पत्र्यावरचे पोचे काढतो. रंग मारत नाही, लांबी भरत नाही. आमची हत्यारं म्हणजे पोलादी सळया. काही वीतभर, काही छातीएवढ्या उंच. कुणाचं टोक माशाच्या शेपटीसारखं चपटं, कुणाचं अंगठ्यासारखं गोल. सळई पत्र्याच्या मागून घालायची आणि पोच्याच्या तळाला आतून रेटायचं. मोहरीएवढं. मग पुन्हा मोहरीएवढं. जास्त रेटलं आणि बाहेर टेंगूळ आलं, तर लाकडी खुंटी धरून हातोडीनं हलकेच बसवायचं. समोर दिव्याची पाटी असते, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची. पट्ट्यांचं प्रतिबिंब पत्र्यावर पडतं. पत्रा नीट असला की पट्टे सरळ, पोचा असला की वाकडे. आम्ही पत्र्याकडे बघतच नाही, पट्ट्यांकडे बघतो.

पट्टे वाचता येतात. गारेच्या पोच्याला ताठ, गोल कड असते. गाईनं ढुशी दिली तर तो लांबट येतो. कुणी बराच वेळ टेकून राहिलं, तर पोचा मऊ पडतो, त्याला कडच नसते.

हे मला फेर्मीन लुकेनं शिकवलं. तो तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता, हात अजून स्थिर होते. गारांच्या मागे तो अर्धी दुनिया फिरून आला होता. निम्म्या सळया त्यानं स्वतः ट्रकच्या जुन्या स्प्रिंगांच्या पोलादातून घडवलेल्या. मी त्याला मास्तर म्हणायचो आणि तो मला, माझं नाव बेलिसारियो असताना, सव्वीस वर्षं ‘नवशिक्या’ म्हणत आला.

आठवड्याभरानं अमालिया झुर्ब्रिगेन बाई गाडी घेऊन आल्या. प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मी त्यांच्या हाताखाली होतो, म्हणून अजूनही त्यांच्यासमोर मी नीट उभा राहतो. गाडी गडद निळी, वीस वर्षांची, धुऊन पुसून ठेवलेली. टपावर आणि बॉनेटवर मी एकशे चौदा पोचे मोजले.

बाईंनी मला मागच्या डाव्या दारापाशी नेलं. तिथे, जमिनीपासून साधारण ऐंशी सेंटिमीटरवर, ताटाएवढा एक उथळ पोचा होता. जुना.

“हा सोडून सगळे काढ,” त्या म्हणाल्या. “हा हिलारियोचा आहे.”

गावात ही हकीकत सगळ्यांना माहीत होती. बाईंचा नवरा हिलारियो गुरांची औषधं विकायचा. मिठागराच्या, म्हणजे मिठाच्या कोरड्या मैदानाच्या, पलीकडे बकऱ्या पाळणाऱ्यांकडे त्याच्या फेऱ्या असत. आठ वर्षांपूर्वी डिसेंबरात, भर दुपारी, त्याची हीच गाडी मिठागराच्या मधोमध उभी सापडली. किल्ली जागेवर. पुढच्या सीटवर थर्मास, त्यातलं पाणी अजून गरम. मिठावर पावलं फक्त त्याचीच होती. गाडीला एक फेरी घालून ती मागच्या डाव्या दारापाशी आली होती आणि तिथेच संपली होती. तो सकाळी निघाला तेव्हा दारावर पोचा नव्हता. पोलिसांनी तीन दिवस शोधलं, मग पुढची पावलं वाऱ्यानं पुसली असं म्हणून सोडून दिलं.

मी कागदावर मोठ्या अक्षरांत ‘हात लावू नये’ असं लिहून दाराला चिकटवलं.

गुरुवारी जेवून परत आलो तर कागद खाली जमिनीवर पडलेला होता आणि दार आरशासारखं सपाट होतं. फेर्मीन सळई पुसत उभा होता. त्याला हकीकत माहीत होती, पण गाडी कुणाची ते त्यानं विचारलं नव्हतं आणि कागद उन्हानं गळून पडला होता. मी सांगितल्यावर तो खाली बसला. मी मातेचा कडू चहा भरून दिला, त्यानं तो तसाच हातात धरला.

मला त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसायला हवा होता. दिसलं ते दुसरंच काहीतरी.

“नवशिक्या,” तो म्हणाला, “असला पोचा निघायला दोन तास लागतात. हा एका रेट्यात निघाला.”

मी म्हणालो, तुमचा हातच तसा आहे, मास्तर.

“हात माझा नव्हता. मी आतून रेटलं तर बाहेरून कुणीतरी रेटून धरलं होतं. थोडा वेळ दोघंही तसेच. मग त्यानं सोडून दिलं.”

एवढं बोलून तो घरी गेला. बाईंची गाडी शेडमधून जाईपर्यंत आला नाही. तब्येतीचं कारण सांगितलं.

बाई शनिवारी येणार होत्या. खरं सांगायचं धाडस मला होत नव्हतं. त्या माणसाची कबर नव्हती, कपडे सापडले नव्हते, होता तो हा पोचा. म्हणून मी ठरवलं की पोचा परत पाडायचा. जन्मभर पोचे काढलेल्या माणसाला एक पाडता येऊ नये, असं काही नाही.

शुक्रवारी दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी शेडचं दार ओढून घेतलं. आधी पाठ टेकून पाहिली. मग वाळूची पिशवी लावून गुडघ्यानं दाबलं. पत्रा आत जायचा आणि मी बाजूला झालो की टप् करून परत यायचा. जणू त्या दारावर कधी काही नव्हतंच. पाऊण तास असाच गेला. छपराचा पत्रा उन्हानं कडकडत होता, शर्ट पाठीला चिकटला होता.

शेवटी मी काच खाली घेतली आणि काचेच्या फटीतून एक लांब सळई दाराच्या पोटात सोडली. पत्रा कुठे ताणलेला आहे ते हाताला कळावं, एवढाच हेतू होता. पाटी समोर लावली. मी दाराच्या कडेला उभा. पट्टे सरळ होते.

मग मधला पट्टा वाकला.

पहिल्यांदा वाटलं, ऊन. पत्रा तापला की फुगतो, पट्टे हलतात. पण तापलेला पत्रा बाहेर येतो, हा आत जात होता. एक पट्टा, मग शेजारचा, मग सहा-सात. अगदी सावकाश. दमलेला माणूस आधी हात टेकवतो, मग हळूहळू सगळा भार सोडतो, तसं.

सळई माझ्या हातात मागे सरकली.

मी दिवा आणि दार यांच्या मधे दुसरा हात आडवा फिरवला. काही लागलं नाही. हाताची सावली पट्ट्यांवरून गेली आणि पट्टे तसेच वाकलेले राहिले.

गाडीच्या मागच्या स्प्रिंगा करकरल्या. मागची बाजू बोटभर कलली.

मला रेटता आलं असतं. सव्वीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप जातो. मी रेटलं नाही. सळईवरची पकड सैल केली आणि ती जाईल तितकी मागे जाऊ दिली.

भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली.

नंतर पट्टे थांबले. सळई बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला तांबूस गंज चढलेला होता. सकाळीच मी ती तेलानं पुसली होती.

शनिवारी बाई आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. फेर्मीनची चूक, माझा खोटेपणाचा बेत, नंतर जे झालं ते. सांगताना मी चौथीतल्या मुलासारखा जमिनीकडे बघत होतो. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग दारापाशी जाऊन पोच्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

“आला ना परत?” त्या म्हणाल्या. “मग झालं.”

त्यांनी शांतपणे गाडी सुरू केली. वळताना नेहमीप्रमाणे हात बाहेर काढून इशारा दिला. मी त्याच संध्याकाळी ती सळई भट्टीवाल्याला देऊन टाकली.

मार्च गेला, एप्रिल गेला. गारांचं काम संपलं. फेर्मीन परत यायला लागला, पण दारं मला करायला लावायचा आणि स्वतः बॉनेट घ्यायचा. “माझं वय झालं, वाकवत नाही,” म्हणायचा. बॉनेटला दारापेक्षा जास्त वाकावं लागतं, हे त्यालाही माहीत होतं.

मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. गाडीच्या दारावरचा पोचा गेला होता. मी विचारायच्या आतच म्हणाल्या की कुणीही हात लावलेला नाही. मग तोच पोचा अंगणाच्या लोखंडी फाटकावर दिसला. तिथे आठवडाभर होता. मग गॅरेजच्या दारावर, आतल्या बाजूनं.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता स्वयंपाकघरात आहे. फ्रीजवर.” त्या म्हणाल्या, “काढायला ये म्हणून नाही सांगत हं. तुला पत्रा वाचता येतो. मला एक विचारायचंय.”

मी फेर्मीनला बरोबर चला म्हणालो. त्यानं नुसती मान हलवली, हातातलं कामही थांबवलं नाही. मी पाटी गाडीत टाकली आणि एकटा गेलो.

बाईंचं स्वयंपाकघर लहान आणि ऊबदार होतं. पंचवीस मेच्या राष्ट्रीय सणाला करतात त्या लोक्रोच्या रश्शासाठी पांढरा मका भिजत घातलेला, टेबलावर अर्धा चिरलेला भोपळा. कोपऱ्यात जुना पांढरा फ्रीज, जाड दांड्याचा. पोचा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसत होता. मी टेपनं मोजलं. जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर.

“मी स्वयंपाक करताना हिलारियो असाच टेकून उभा राहायचा आणि बडबडायचा,” बाई म्हणाल्या. “हा जरा खाली आहे, मला दिसतंय. पण गुडघे दुखायचे त्याचे. बसत असेल.” त्यांनी सुरी खाली ठेवली. “मला एवढंच सांग. त्याची पाठ फ्रीजला आहे की तोंड? माझ्याकडे बघतोय की नाही?”

मी पाटी लावली.

गाडीचं दार जाड होतं, त्यावर सगळं एकात एक मिसळलेलं होतं. मीही ते कमरेचं किंवा पाठीचं मानून चाललो होतो. फ्रीजचा पत्रा पातळ. त्यावर पट्टे स्वच्छ पडले. खोलगट भाग एक नव्हता, तीन होते. खाली दोन, वीतभर अंतरावर, प्रत्येकी तळव्याएवढे. वर मधोमध एक, गोल आणि सगळ्यात खोल.

दोन हात आणि कपाळ. गुडघ्यांवर बसलेलं कुणीतरी पत्र्याला तोंड लावून होतं. मिठागरातही ते तसंच बसलं असणार, गाडीकडे तोंड करून. आणि हाताचे पंजे लहान होते. हिलारियोला मी ओळखत होतो. तो थोराड माणूस होता.

बाई वाट बघत होत्या. शाळेत फळ्यावर गणित घालून उत्तराची वाट बघायच्या, तशा.

“पाठ आहे, बाई,” मी म्हणालो. “तुमच्याकडेच बघतोय.”

त्यांनी मान डोलावली. डोळे पुसले नाहीत, हसल्याही नाहीत. सुरी उचलून भोपळा पुढे चिरायला घेतला आणि हळू आवाजात बोलू लागल्या. माझ्याशी नव्हे. गॅसचा सिलिंडर संपत आलाय. शेजाऱ्यांच्या छपरावर अजून गारांची भोकं तशीच आहेत. यंदा मका चांगला मिळाला.

मी दिवा बंद करायला वाकलो, तेव्हा वरचे पट्टे हलत होते.

गोल खळगा एका बाजूनं उथळ होत गेला. दुसऱ्या बाजूनं सरकला. त्याच्या कडेला एक बारीक, वळलेली रेघ उमटली, मग तिच्या आत दुसरी. बाई बोलत होत्या तोवर ते चालू राहिलं आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा थांबलं.

मी पट्टे वाचण्यात सहसा चुकत नाही. तो कान होता. पाळीसकट.