टप कापलेली गाडी

पालमच्या मोटार स्टँडवर उतरताना कस्तुराच्या हातातलं गाठोडं एका तरुणाच्या कोपराला लागलं, आणि आत काहीतरी खळकन वाजलं.

"घड्याळ हाय का?" त्यानं विचारलं. "असंल तर माझ्याचकडं चाललाव तुमी. मी बन्सीधर घड्याळजी."

"घड्याळ न्हाई... पण काम तुमच्याकडंच हाय."

दुकानात तिनं गाठोडं सोडलं. आत वीतभर लांबीची लाकडी मोटार. दोन चाकं निखळलेली, लाल रंगाचे पोपडे उडालेले, इंजिन उघडं.

"हिचा टप कुठं सांडला?"

"सांडला न्हाई, मुद्दाम कापलाय."

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे वडील दिनकरराव हैदराबादेत मोटारी दुरुस्त करायचे. एका अमेरिकन सोल्जरनं त्यांना खेळण्यातल्या मोटारीच्या सुट्या भागांचा खोका दिला होता. तिकडची पोरं म्हणे जुन्या मोटारीचा टप उतरवतात, दांडगं इंजिन बसवतात आणि वाऱ्यासारखी पळवतात. ही त्याच मोटारीची नक्कल. दिनकररावांनी ती हौसेनं जोडली. पुढं अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून पळताना बैलगाडीत ती पेटीखाली चेपली. त्याला नऊ वर्षं झाली. यंदा अर्धांगानं त्यांचा उजवा हात गेला, आणि तेव्हापासून त्यांनी बोलणंही टाकल्यासारखं केलं होतं.

"त्यांना न सांगता आणलीय," कस्तुरा म्हणाली. "होईल का?"

"होईल. पण येळ लागंल लय."

मग दर बाजारच्या दिवशी ती यायची. पत्र्यावर श्रावणाची सर वाजायची, दुकानात गरम सरसाचा वास भरायचा. बन्सीधर घड्याळाच्या तारेतून चाकांचे आस घडवायचा... आणि मधेच भिंगाआडून तिच्याकडं बघायचा.

"नजर कामावर ठिवा," ती म्हणायची.

"कामावरच हाय की."

एकदा त्यानं नवा रंग काढला, तर तिनं पटकन हात आडवा धरला. जुन्या रंगात एका जागी वडिलांच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. त्यानं मुकाट्यानं ब्रश ठेवला. त्या दिवशी घरी जाताना तिला वाटलं, हा माणूस समजून घेतो.

पण पुढच्या बाजारी ती खाली बघत म्हणाली, "शुक्रवारी वालूरचे पाव्हणे यायलेत... मला बघायला."

बन्सीधरचे हात थांबले. "मग त्याच्या आत गाडी पोचती करतो," एवढंच तो बोलला. तिला वाईट वाटलं. आणखी काही बोलला असता तर...

गुरुवारी दुपारी तो स्वतःच गाडी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. दिनकररावांनी ती डाव्या हातानं मांडीवर घेतली, चाक फिरवलं, ठशावर अंगठा टेकवला. मग म्हणाले, "पिंगळीच्या चंद्रभानाचा पोरगा न्हवं तू? हात ब्येस हाय तुजा. किती दिस लागले?"

"काम चार दिसांचं व्हतं," बन्सीधर म्हणाला. "मी दोन म्हैने लावले."

"ते का?"

त्यानं मान खाली घातली. "ह्या येत ऱ्हाव्यात म्हणून."

दाराआडून कस्तुरा पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. दिनकररावांनी तिच्याकडं पाहिलं.

"तुला ठावं व्हतं का गं हे?"

"चार दिसांचं काम हाय, हे मला पयल्याच बाजारी कळलं व्हतं, बापू," ती हळूच म्हणाली. "पण मी तरी कवा घाई केली?"