दुपारचा कंट्रोल

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवर, एका टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर डॉ. धवल यांची पॅथॉलॉजी लॅब आहे. खाली ट्रकचं चाक उतरवलं की वर चहाचे कप थरथरतात. तिथे रुचिरा पेडणेकर कित्येक वर्षं बायोकेमिस्ट आहे. रिपोर्टवर सही तिची. त्या सहीपायी तिने आजवर भरपूर भांडणं ओढवून घेतलीत आणि एकाचाही तिला पश्चात्ताप नाही.

सकाळी पेशंटची रक्तं लावण्याआधी मशीनला एक ओळखीचा नमुना द्यावा लागतो. त्याला कंट्रोल म्हणतात. त्यातली साखर आधीच ठाऊक असते, म्हणून मशीन खरं बोलतंय की थापा मारतंय ते कळतं. आकडा काही रोज तंतोतंत तोच येत नाही. शिकाऊ मुलींना हे समजावताना रुचिरा पोह्यांवर यायची. "एकच बाई रोज पोहे करते, तरी मीठ कधी चिमूटभर जास्त पडतं, कधी कमी. बहुतेक दिवस बरोबर, क्वचित खारट, क्वचित अळणी. आलेख काढलास तर मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता, घंटेसारखा. साधी चूक अशीच असते गं, दोन्ही बाजूंना सांडते."

बाकीच्या लॅब कंट्रोल विकत आणतात. इथे विन्सेंटने वेगळीच प्रथा पाडली होती. विन्सेंट म्हणजे लॅबचा सर्वांत जुना टेक्निशियन, मरोळ गावठाणातला. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालायचा आणि लॅबमधल्या ठणठणीत माणसांनी उपाशीपोटी आपलं रक्त द्यायचं. रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, एकत्र करून इवल्या इवल्या कुप्यांत भरायचं आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं. मग वर्षभर एकेक कुपी वितळवून लावायची. विन्सेंट कॅथलिक, पण हार घालायचा मान त्याचाच. यंदा डॉक्टरांना डायबिटीस निघालेला. विन्सेंटची मुलगी फ्लेविया इथेच रक्त काढायचं काम करते, तिचं हिमोग्लोबिन कमी. उरले विन्सेंट आणि रुचिरा.

"यंदा अख्ख्या मुलुंडचं नॉर्मल म्हणजे आपण दोघं, मॅडम," तो म्हणाला होता आणि स्वतःच खो खो हसला होता.

नाताळ झाला आणि विन्सेंट गेला. हार्ट. रुचिरा त्याच्या मातीला गेली, फ्लेवियाला जवळ घेतलं, परत येऊन कामाला लागली. पण खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय लॅब तिला खायला उठायची.

फेब्रुवारीत कंट्रोलने रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी नव्वदच्या आसपास, हवा तसा. दुपारच्या नमुन्यांआधी दुसरी कुपी लावली की एकशे तीस. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नव्वद. रुचिराने मशीन साफ केलं, रसायनं बदलली, कंपनीच्या इंजिनियरला बोलावून त्याचा जीव खाल्ला. एक विकतचा कंट्रोलही आणून लावला. तो सकाळ-दुपार शहाण्यासारखा जागेवर. पेशंटचे आकडेही ठीक. हलत होत्या फक्त घरच्या कुप्या, आणि त्याही एकाच दिशेला, जेवणाच्या सुट्टीनंतर.

तिने आलेख काढला. घंटा नव्हतीच. दोन टेकड्या होत्या, एक सकाळची, एक दुपारची, आणि मधे सपाट. दोन टेकड्या दिसल्या की दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्यात असं समजायचं, हे ती मुलींना शिकवायची. उदाहरणार्थ, एकाच पेशंटचं उपाशीपोटीचं रक्त आणि जेवणानंतरचं. हे वाक्य मनात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. उणे वीसला गोठलेलं पाणी जेवत नसतं.

बुधवारी दुपारी आकडा चढलाच नाही. नव्वद. रुचिरा सुटकेचा श्वास सोडून बाहेर आली. फ्लेविया रिकाम्या टेबलाशी बसली होती. तिच्या कपाळावर राखेचा क्रूस होता.

"डबा नाही आणलास?"

"राखेचा बुधवार ना, ताई. उपास." फ्लेवियाने मान खाली घातली. "पप्पा तर या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच खायचे नाहीत."

गुरुवारी दुपारी आकडा पुन्हा एकशे तीस.

त्या दिवसापासून डीप फ्रीझर उघडताना ती आधी थोडी थांबायची. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त माया वाटत होती.

इन्स्पेक्शन जवळ आलं तसे डॉक्टर तिच्या मागे लागले.

"रुचिरा, ऐक ना. दुपारचे पॉइंट डिलीट कर. रेंजमध्ये येईपर्यंत रिपीट मार. सगळे तेच करतात."

"करू देत सगळ्यांना. मी नाही करणार."

"मग दोन्हींची सरासरी दाखव. एकशे दहा. छान दिसेल."

"एकशे दहा हा आकडा या कुप्यांनी एकदाही दिलेला नाही, डॉक्टर. जे कधी घडलंच नाही त्याच्यावर मी सही करू?"

"तर मग कुप्या पिवळ्या पिशवीत टाक आणि विषय संपव! तुझ्या हट्टापायी माझ्या लॅबची वाट लागेल, यार."

पिवळी पिशवी म्हणजे जाळायचा कचरा. रुचिरा उठून फ्रीझरसमोर जाऊन उभी राहिली.

"कुप्यांना कोणी हात लावायचा नाही."

डॉक्टरांनाही काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. "ठीक आहे. दुपारी मशीन चुकत नाही हे माझ्यासमोर दाखव. जिवंत, निरोगी माणूस घे. जेवणाआधी आणि नंतर. वाढ बरोबर आली तर कुप्या राहतील. नाहीतर आज जातील."

"माझंच घ्या," रुचिरा म्हणाली. तिची पैज आताच जिंकल्यात जमा होती. भात, बटाट्याची भाजी आणि वर वाटीभर श्रीखंड. एवढ्यावर कोणाची साखर चढणार नाही?

फ्लेवियाने जेवणाआधी रक्त काढलं. एक्क्याण्णव. रुचिरा डॉक्टरांच्या समोर बसून सगळा डबा जेवली. वेळ झाल्यावर पुन्हा रक्त काढलं.

एक्क्याण्णव.

"रिपीट," रुचिरा म्हणाली.

एक्क्याण्णव.

त्याच ट्रेमधल्या पेशंटांचे आकडे जेवणानंतर चढायला हवे तसेच चढलेले होते. शेजारच्या कुपीचा आकडा एकशे बत्तीस. हललं नव्हतं ते फक्त रुचिराचं रक्त.

खाली टायरवाल्याचा हातोडा थांबला. डॉक्टर स्क्रीनकडे बघत होते.

"डिलीट कर," ते पुटपुटले. आता ते इन्स्पेक्शनबद्दल बोलत नव्हते.

"नाही."

"रुचिरा, प्लीज."

"कुपीचा आकडा राहील. माझाही राहील." तिने बाही वर सरकवली. "फ्लेविया, परत काढ. दुसऱ्या हातातून."

फ्लेवियाने पट्टा बांधला, सुई घातली. रक्त नळीत उतरलं. ताज्या रक्ताची नळी हाताला कोमट लागते. रोज शेकडो नळ्या हाताळणाऱ्या फ्लेवियाला ते सांगावं लागत नाही. तिने नळी सुईतून सोडवली आणि दचकून बोटं बदलली.

"ताई…"

"लाव मशीनला. जो येईल तो आकडा मी लिहीन."

फ्लेवियाने नळी अॅप्रनला पुसून कोरडी केली. काचेवर लगेच पुन्हा दव धरलं, फ्रीझरमधून काढलेल्या कुपीवर धरतं तसं.