गाभा पाहिला कोणी?

सौदीतल्या बुरैदाबाहेरच्या बागेतलं सर्वांत जुनं खजुराचं झाड मेलं होतं. शनिवारी सकाळी ते पहिल्यांदा धोंडीरामनंच पाहिलं. शेंड्याची कोवळी पानं वाळून खाली लोंबत होती.

झाड मालकाच्या, अबू सालेहच्या, वडिलांनी लावलेलं. राखण धोंडीरामकडे.

दुपारी बागेचा इंजिनिअर उमाकांत इंग्रजीत टाइप केलेला अहवाल घेऊन आला. मालकानं तो ऐकला आणि धोंडीरामपुढे टाकला.

"लाल भुंग्यानं झाड खाल्लं आणि तू झोपला होतास! उद्या तुझा खुरूज. खलास."

खुरूज म्हणजे कायमची घरवापसी. अकरा वर्षांचा इकामा, इथं राहायचा परवाना, एका कागदानं संपणार होता.

"इथं अंगठा दे," मालक गेल्यावर उमाकांत मराठीत म्हणाला. "उगाच भांडू नकोस. झाड संध्याकाळी जाळायचंय."

भुंगा लागलेलं झाड त्याच दिवशी जाळतात. नाहीतर अख्खी बाग जाते.

"वाचल्याशिवाय अंगठा नाही, साहेब."

"वाचणार? तू?" उमाकांत हसला. "वाच, वाच. पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

धोंडीराम त्रेपन्नाव्या वर्षी अक्षरं शिकला होता, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. हाताला काटा लागून सरकारी दवाखान्यात गेला, तेव्हा तिथल्या मराठी डॉक्टर निवेदितांनी फॉर्म पुढे केला. हा म्हणाला, "अंगठा देऊन कंटाळलो. सही शिकवा." पुढे दर शुक्रवारी त्या शिकवत राहिल्या.

आता तो कागदावर बोट ठेवून बसला. एक शब्द चार वेळा आला होता. त्यानं फोन लावला. निवेदिता नुकत्याच ड्यूटीवरून घरी आल्या होत्या.

"डॉक्टरीणबाई, पी, आय, टी, एच. म्हणजे काय?"

"पिथ? थांबा, मोठा शब्दकोश काढते." पानं उलटल्याचा आवाज आला. "फार जुना इंग्रजी शब्द आहे, हजार वर्षांचा तरी. झाडाच्या खोडातला मऊ गाभा. पुढे हाडातल्या मज्जेलाही म्हणायला लागले. मग माणसाच्या ताकदीला, बोलण्यातल्या मुद्द्यालाही. पण मूळ अर्थ झाडाचा."

"म्हणजे सालीखालचं?"

"त्याच्याही आतलं. अगदी मधलं."

"बाहेरून दिसतं?"

"खोड कापल्याशिवाय कसं दिसेल? झालंय काय?"

"मग सांगतो, बाई."

त्यानं झाडाच्या बुंध्याशी वाकून खोड सगळीकडून चाचपलं, मग तो सामानाच्या खोलीत गेला. त्या खोलीची किल्ली आणि पंप रत्नागिरीच्या मुनाफकडे असत.

"मुनाफभाई, ड्रिल शेवटी कोणी नेलं?"

"उमाकांत साहेबांनी. तीन आठवडे झाले. पंप जळालेला ना, तो गुरुवार."

"औषध?"

"एक डबा. आणला तो रिकामाच."

"त्या दिवशी पाणी होतं कुठं?"

"प्यायला नव्हतं रे! मी पाण्याच्या टँकरवाल्याच्या पाया पडत होतो."

पाच वाजता सगळे झाडाखाली जमले. मुनाफच्या हातात डिझेलचा कॅन होता.

"मालक, जाळायच्या आधी साहेबांना दोन प्रश्न विचारतो," धोंडीराम मोडक्या अरबीत म्हणाला. "मग मला खुशाल पाठवा."

मालकानं मान हलवली.

"साहेब, तुम्ही लिहिलंय, गाभा पूर्ण पोकळ. पाहिला?"

"न बघता लिहीन?"

"कुठून पाहिला?"

उमाकांतनं खोडावर थाप मारली. मग म्हणाला, "अनुभवानं कळतं."

"पाहिला की कळला?"

"मालक, हा माळी मला शिकवणार?"

मालक झाडाभोवती फिरला. खोडावर करवतीची एक खूण नव्हती.

"कापा," तो म्हणाला.

"भुंगे उडतील! आधी जाळा!"

"यल्ला, कापा!"

धोंडीरामनंच करवत धरली. खोड आडवं झालं. पोकळी नव्हती. अळी नव्हती, आंबलेला वासही नव्हता. गाभा पांढरा होता. फक्त गुडघ्याच्या उंचीवर चार सरळ तपकिरी पट्टे आत गेले होते आणि त्यांना औषधाचा उग्र दर्प येत होता. प्रत्येक पट्टा बाहेरच्या गोल भोकापाशी संपत होता. भोकं चिखलानं बुजवलेली.

"भुंगा सरळ रेषेत पोखरत नाही," धोंडीराम म्हणाला, "आणि स्वतःच्या भोकाला चिखल लिंपत नाही. ही ड्रिलची भोकं. खोडात असंच औषध सोडतात, त्यात चूक नाही. पण एका डब्याला वीस डबे पाणी लागतं. त्या गुरुवारी बागेत पाणीच नव्हतं, मुनाफभाईला विचारा. साहेब थांबले नाहीत. नुसतं औषध ओतलं. झाड मेल्यावर भुंग्याचं नाव घेतलं, कारण भुंग्याचं झाड जाळतात. राखेला भोकं नसतात."

मुनाफनं कॅन खाली ठेवला. "पाणी नव्हतं, मालक. खरं आहे."

उमाकांतचा चेहरा उतरला. "शुक्रवारी मुलाचा वाढदिवस होता, रियाधला. निघायची घाई होती... चूक झाली."

"चुकीबद्दल मी तोंड उघडलं नसतं, साहेब. तुम्ही ती माझ्या नावावर लिहिलीत."

"तू वाचशील असं वाटलं नव्हतं."

मालकानं उमाकांतकडे हात पुढे केला. "बागेच्या किल्ल्या दे." मग धोंडीरामच्या हातातला अहवाल घेऊन फाडायला निघाला.

"फाडू नका, मालक. पेन द्या."

मेलेल्या झाडाच्या खोडावर कागद ठेवून, जिथं अंगठा मागितला होता तिथं, धोंडीरामनं एकेक अक्षर काढत लिहिलं:

गाभा मी पाहिला. पोकळ नाही. धोंडीराम.