शिकलगारांचा नवा कान

काचपेटीत अब्बास शिकलगारांचा नवा कान वाढत होता. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पडद्यावर मात्र पेरलेल्या वाफ्यातल्या गवतासारखे बारीक केस दिसत होते. आतल्या कानात आवाज टिपणारे हे केस. प्रयोगशाळेत त्यांना 'श्रवणांकुर' म्हणत.

"सर, याला खर्च किती येतो?" नव्याने रुजू झालेल्या डॉ. मृणाल आरवाडेने विचारलं.

"एका चष्म्याएवढा," विभागप्रमुख डॉ. चौगुले म्हणाले. "आणि रोपण यंत्रच करतं, वीस मिनिटांत."

"मग बिल एवढं कसं होतं?"

"माणसाचं होतं. नव्या वस्तीत पायवाट कुठे पडते? जिथून लोक रोज जातात, तिथे. अंकुरांपासून मेंदूपर्यंतच्या वाटा चाळीस दिवसांत पडतात आणि मग कायमच्या पक्क्या होतात. मेंदू ज्या आवाजासाठी थांबतो, त्याचीच वाट पडते."

"रेकॉर्डिंग लावलं तर?"

"त्याच्यासाठी कोण थांबतंय? बोलकी यंत्रंही लावून पाहिली. पलीकडे कुणी नाही हे पेशंटला ठाऊक असतं. रोज चार तास समोर बसून बोलणारं माणूसच लागतं. घरचं असेल तर फुकट. नसेल तर आपला पगारी संवादक. बिलाचा मोठा भाग तोच. एकट्या माणसाचा कान महाग पडतो, आरवाडे."

शिकलगारांनी अर्जावर घरच्या माणसाचं नाव लिहिलं होतं: जैनब, पत्नी. मृणालने पाटीवर लिहून विचारलं, "चाचा, कान कशासाठी हवाय?"

मिरजेत पन्नास वर्षं तंबोरे बनवणारे शिकलगार हसले. "मुलगी दर रविवारी लांबून फोन करते. तीन वर्षं झाली, मी नुसतं हो हो म्हणतोय. परवा रागावली असणार. फोन लवकर ठेवला."

रोपण झालं. एक्केचाळिसाव्या दिवशी मृणाल तपासणीसाठी त्यांच्या कारखान्यात गेली. भोपळ्यांच्या ओळींमध्ये ते एकटेच बसले होते. ती त्यांच्या मागे उभी राहून म्हणाली, "चाचा, उजवा हात वर करा."

ते वळले, पण हात वर झाला नाही. "आवाज येतोय," ते म्हणाले, "शब्द नाही येत."

मृणालने पाटीवर लिहिलं, "चाचींना बोलवा."

"चार वर्षांपूर्वीच गेली ती." त्यांनी मान खाली घातली. "संवादक परवडत नव्हता. शेजाऱ्यांना रोज चार तास कुठल्या तोंडाने मागायचे? म्हटलं, तंबोरा आहे की! तोही उत्तर देतो."

त्यांनी करून दाखवलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सुताचा दोरा ठेवला, तार छेडली, मान तिरकी केली. थांबले. दोरा केसभर सरकवला, पुन्हा छेडली, पुन्हा थांबले. अचानक बंद खोलीचं दार उघडावं तसा नाद फुलला. तारेची अशी भरलेली गुंज, अशी जवारी मृणालने कधी ऐकली नव्हती.

चाळीस दिवस, रोज बारा तास, हा माणूस एका आवाजासाठी थांबला होता. मेंदूने त्याच आवाजाची वाट पाडली होती.

तिने पाटीवर सावकाश लिहिलं, "वाटा पक्क्या झाल्या, चाचा. आता बोलणं कधीच कळणार नाही." मग तिला राहवलं नाही. त्यांना कळणार नाही हे माहीत असूनही ती बोलली, "तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी आले असते."

शिकलगारांनी पाटी दोनदा वाचली. मग तिच्याकडे पाहिलं.

"आत आलीस तेव्हा तुझा आवाज पेटीच्या काळी चारवर होता. आता पांढरी चारवर उतरलाय. माझ्यामुळे का, पोरी?"

मृणालने नकारार्थी मान हलवली आणि बोलत राहिली. घरी आपल्याशीही संध्याकाळी कुणी बोलत नाही, हेसुद्धा तिने सांगून टाकलं. मान तिरकी करून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"आणखी उतरला," ते हळूच म्हणाले.