सव्वाअकराचा आवाज

त्या दिवशी मला फक्त एक जबडा ओतायचा होता. दचकू नका, माझा धंदाच तो. दातांच्या दवाखान्यात बाहेर डॉक्टरीणबाई बसतात, मागच्या खोलीत मी. त्यांनी घेतलेल्या मापात मी प्लास्टर ओतते, वरचा जबडा वेगळा, खालचा वेगळा, आणि त्यावर कवळ्या, तारा बसवून बघते. वीस वर्षं झाली. आता मी माणसं चेहऱ्याने ओळखत नाही, दातांनी ओळखते.

तो जबडा होता माझ्या भाचीचा. वय चौदा. लहानपणी तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की झोपेपर्यंत चालू, म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणायचो. तिची आई, माझी धाकटी बहीण, इस्पितळात नर्स. त्यामुळे शाळा सुटली की पोरगी माझ्याकडे येते आणि आईची ड्युटी संपेपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर अभ्यास करत बसते. पण गेले चार-पाच महिने टिटवी पार गप्प झाली होती. विचारलं की एकच उत्तर, "काही नाही गं मावशी." आणि झोपेत दात खायची. बहीण म्हणाली, "ताई, शेजारच्या खोलीत मला ऐकू येतं गं." शेवटी डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं. रात्री दातांवर चढवायला एक गार्ड करायचं ठरलं.

प्लास्टर घट्ट झालं, मी माप सोडवलं आणि जबडा दिव्याखाली धरला. दाढा सपाट झाल्या होत्या. पन्नाशीच्या बाईच्याही इतक्या झिजत नाहीत.

संध्याकाळी तिला छेडलं. "शाळेत कुणी काही बोलतं का तुला?"

ती वहीतच बघत राहिली. "बोलतात सगळेच."

"मग लक्ष देऊ नकोस. आपोआप थंड पडतील."

तिने मान हलवली. आपण किती शहाण्यासारखं बोललो, असं मला वाटलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं, बाहेर पेशंटांची गर्दी. मी एका आजोबांची कवळी घासत होते. मशीन बंद केलं, तर मागून आवाज आला. करर्र... करर्र... उंदीर असेल म्हणून चप्पल घेऊन फळीपाशी गेले.

वरचा आणि खालचा जबडा मी हातभर अंतरावर वाळत ठेवले होते. आता ते एकमेकांवर बसले होते... आणि हलत होते. सावकाश. डावीकडे... उजवीकडे... दाढांमधून पांढरी भुकटी खालच्या कागदावर पडत होती. नुकतंच ओतल्यासारखा प्लास्टरचा ओला वास खोलीभर पसरला होता. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. पंधरा-वीस मिनिटं मी चप्पल हातात धरून तशीच उभी. मग ते थांबलं.

कुणाला बोलले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या, चार दिवस सुट्टी घ्या. मी एक जबडा टेबलावर ठेवला, दुसरा कपाटात घालून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला दोन्ही टेबलावर. करर्र... शनिवारी सकाळची शाळा, तर आवाज सव्वानऊला. रविवारी चिडीचूप. तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला. ती टिटवीच्या मधल्या सुट्टीची वेळ होती.

सोमवारी अकरापासूनच टेबलाशी बसले. आवाज सुरू झाला तसा मी तो जबडा दोन्ही तळव्यांत धरला. प्लास्टर गार असायला हवं. हे तापलेल्या पोराच्या गालासारखं कढत लागलं.

"टिटवे," मी हळूच म्हटलं, "मावशी आहे गं... मी आहे इथे..."

किती वेळ म्हणत होते कोण जाणे. हळूहळू दात थांबले.

त्या संध्याकाळी पोरगी आली आणि दारातच उभी राहिली.

"मावशी... आज मधल्या सुट्टीत तू शाळेत आली होतीस?"

"नाही. का गं?"

"कुणीतरी माझे गाल धरले. दोन्ही हातांनी. समोर तर कुणीच नव्हतं..." तिने माझा हात ओढून नाकाशी नेला. "हाच वास होता."

मी खरं ते सांगितलं. जबडा दाखवला, भुकटी दाखवली. वाटलं, पोर घाबरेल. ती रडायला लागली, आणि रडता रडता सगळं बाहेर आलं. वर्गातल्या एका मुलीने तिचं हसणं चोरून मोबाइलवर टेप केलं होतं. त्याला गाढवाचं ओरडणं जोडून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं. तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत तिला घेरून सगळे तेच लावायचे. म्हणून ती आधी हसायची थांबली, मग बोलायची.

"मला तिथे नसल्यासारखं व्हायचं होतं," ती म्हणाली.

या वेळी मी काही शिकवायला गेले नाही. नुसतं ऐकलं. नाक पुसायला माझा ॲप्रन दिला आणि म्हटलं, "लक्ष देऊ नकोस म्हणाले, ते चुकलंच माझं."

"चुकलं नाही, घोडचूक," ती ॲप्रनमधूनच म्हणाली. पाच महिन्यांनी टिटवी टोचली होती मला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

रात्री बहिणीला सांगितलं. मंगळवारी आम्ही तिघी वर्गशिक्षिकेसमोर बसलो, मोबाइलवरचं सगळं दाखवलं. काय सांगायचं ते टिटवीने ठरवलं आणि बोललीही तीच. ग्रुप बंद झाला, पालकांना बोलावणी गेली. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही, काही दिवस ती पोटात दुखतं म्हणून घरीही बसली. पण एक मुलगी तिच्याशेजारी डबा खायला येऊ लागली. सव्वाअकराचा आवाज बंद झाला.

त्यानंतर महिन्याभराची गोष्ट. बहिणीची ड्युटी लांबली होती. संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. टिटवी गणिताच्या सरांची नक्कल करून मला हसवत होती. मी दिवे मालवायला उठले, आणि वरच्या फळीवरून...

करर्र...

आम्ही दोघी थिजलो. टिटवीचा जबडा टेबलावर स्थिर होता. वरच्या फळीवर तारा बसवलेल्या पोरांचे जबडे डब्यांत ठेवलेले असतात, निम्मी शाळा आमच्याकडेच येते. मी स्टुलावर चढून एकेका डब्याला हात लावला. एक डबा कढत लागला. खाली आणला. टिटवीने झाकणावरचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तीच," ती म्हणाली. "जिने माझं हसणं टेप केलं."

"पण आत्ता कुठे शाळा आहे..."

"आत्ता ती घरी असते." टिटवीचा आवाज एकदम बारीक झाला. "'साडेसातला बाबा येतात, त्यानंतर मला फोन करायचा नाही,' असं ती सगळ्यांना बजावते... आम्हाला वाटायचं, भाव खाते."

मी झाकण उघडून जबडा तळव्यांत धरला. थांबेना. टिटवी दाराकडे बघत उभी होती. ती निघून गेली असती तरी मी तिला बोल लावला नसता. मग ती माझ्याजवळ आली आणि तिने आपले दोन्ही हात त्या जबड्यावर ठेवले.

"मी आहे," ती म्हणाली. त्या मुलीचं नाव घेऊन पुन्हा म्हणाली, "मी आहे गं..."

दात थांबले. आणि त्या शांततेत, त्या मिटलेल्या जबड्याच्या आतून, जिना चढून वर येणारी जड पावलं आम्हा दोघींना स्पष्ट ऐकू आली.