डोळे राहिलेला भालेकरी

पांढरा.

शिशाच्या पुतळ्याला आधी पांढरा हात मारायचा. तो वाळल्याशिवाय दुसरा रंग धरत नाही. मी गच्चीवर रंगवायचो. मुलुंडची आमची इमारत नवी, बिल्डरने गच्चीला कठडा बांधला नव्हता. उजेड मात्र भरपूर.

पुतळे अंगठ्याएवढे. चिलखतातले सरदार, दाढीवाले बुटके, एक बैलतोंड्या राक्षस. बायकोचा धाकटा भाऊ दशरथ बोटीवर होता, तो विलायतेहून आणायचा. सुट्टीवर आला की दोघं मिळून रंगवायचो. माझे वडील कोकणात गणपती रंगवत. त्यांचा नियम मी त्याला शिकवला : डोळे शेवटी. आणि आंधळी मूर्ती पाण्यात द्यायची नाही. तिला वाट दिसत नाही.

"मग ह्या बैलतोंड्याचं विसर्जन कुठे, भावोजी? पिंपात?"

निळा.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये गोराईचा ज्युलियस बिस्किटांचा डबा घेऊन आला. दशरथच्याच बोटीवर होता तो.

"बंदरात पाय मोकळे करायला उतरला रे. परत आलाच नाही. बोट कुणासाठी थांबत नाही, लवू."

डब्यात एकच पुतळा होता. भालेकरी. दशरथने बोटीवर रंगवलेला. सदरा निळा. चेहरा त्याने स्वतःचा केला होता, डाव्या भुवईवरच्या खोकेसकट. डोळे माझ्यासाठी ठेवलेले.

नलिनी म्हणाली, "अहो, डोळे आखा त्याचे. घर दिसू दे त्याला."

मी ब्रश उचलला. खाली ठेवला. हात माझा वाटत नव्हता. उद्या, म्हणालो.

रोज म्हणालो.

ओल.

सकाळी पुतळ्याखाली पाणी असायचं. वाळलं की मीठ. शिसं जुनं झालं की पांढरं फुटतं, मी नलिनीला सांगितलं. रात्री भिंतीकडे तोंड करून ठेवलेला भालेकरी सकाळी दाराकडे वळलेला असायचा. फळी कलती असेल. मग एकदा त्याचा निळा माझ्या अंगठ्याला लागला. महिन्यांपूर्वी वाळलेला रंग.

नलिनी एक ताट जास्त वाढू लागली.

"आखा ना एकदाचे."

"उद्या."

खाडी.

ती बाजारात गेली तेव्हा मी त्याला खिशात घातलं. गोराईच्या होडीत ज्युलियस शेजारी बसला होता. मी मूठ उघडली.

"डोळे?"

"राहिले."

"अरे, मग थांब ना! तुझाच नियम—"

मी सोडला. आवाजही झाला नाही. बरं वाटलं नाही. वाईटही नाही.

निळा.

परत आलो तेव्हा जिन्यात अजून ऊन होतं. चुन्याच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला चार बोटांचा पट्टा. ओला. फाटकापासून वर.

प्रत्येक दाराशी तो थांबला होता. पाटीवरून फिरला होता. पुढे गेला होता.

तिसरा मजला. आमच्या पाटीवर बोटं कितीदा तरी फिरली होती. अक्षरं दिसत नव्हती.

नलिनीने दार उघडलं. हात पिठाने भरलेले.

"तुम्हीच चाचपत होता ना दार? आले आले म्हणेपर्यंत..."

ती माझा कोरडा हात बघत राहिली.

पट्टा आमच्या दारावरून पुढे गेला होता. वर.

गच्चीचं दार उघडं होतं.