अकरा नंबरची कूस

जावा बेटावरच्या क्लातेन गावातल्या एका खाजगी इस्पितळात मी अर्धांगाच्या वॉर्डाची इन्चार्ज होते. खाटा अठ्ठावीस आणि दिवसपाळीला नर्सा दोनच, मी आणि तुतिक. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही, त्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होऊन त्या सडतात. आम्हाला ते जमायचं नाही. पाठी सडायच्या.

रमजान सरला आणि जखमा भरू लागल्या. नवी एकही होईना.

"तुतिक, अकरा नंबरला तू वळवलंस?"

"मी? मुर्नीताई, मला सकाळपासून लघवीला जायला मिळालं नाहीये!"

अकरा नंबरवर विर्यो गुरुजी होते, निवृत्त शाळामास्तर. वाचा तेवढी शाबूत होती. त्यांनाच विचारलं.

"तुमच्यातलीच कुणीतरी असेल," ते म्हणाले. "हात गार असतात, पण जराही दुखू देत नाही."

"दिसते कशी?"

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. "ती आली की मी बघत नाही."

तपासणीच्या समितीनं आमच्या वॉर्डाला पैकीच्या पैकी गुण दिले. संचालक डॉक्टर हार्तोनोंनी 'दर्जेदार सेवा' अशी पाटी दारावर ठोकून घेतली आणि त्याच आठवड्यात तुतिकला ऑपरेशन थिएटरकडे हलवलं.

"सर, कूस बदलायचं काम आम्ही करतच नाही," मी सांगितलं.

"मग तर एक नर्स पुष्कळ झाली," ते हसले.

एका दुपारी मी मुद्दाम अकरा नंबरसमोर उभी राहिले. दोन वाजता गादी एका कडेला दबली. झोपलेले गुरुजी अलगद डावीकडे वळले. गुडघ्यांमध्ये उशी सरकली. चादरीची चुणी निघाली.

खाटेपाशी कुणीच नव्हतं.

माझ्याहून सफाईनं चाललं होतं सगळं. मी ओरडले नाही. मला लाज वाटली. बाकीच्यांची औषधं द्यायची होती, म्हणून निघून गेले.

पुढच्या सोमवारी सकाळी दहाला गुरुजी वारले. मी त्यांना उताणं ठेवून चादर ओढली. मुलगी सोलो शहरातून यायची होती.

ती अडीचला आली. आम्ही दोघी खाटेपाशी गेलो. गुरुजी डाव्या कुशीवर होते. गुडघ्यांमध्ये उशी.

"गेल्यावरही इतकं जपता, ताई," ती रडत म्हणाली.

प्रेत उताणं ठेवलं की चार तासांत पाठीत रक्त साकळतं, जांभळे डाग पडतात.

मी सदरा वर केला.

पाठ स्वच्छ होती, तान्ह्या मुलाच्या पाठीसारखी.